मामा, तुम्ही सांगून ठेवलेली पौर्णिमा

मामा, यंदा खीर तळाला थोडी लागली. फार नाही, पण तुम्हाला पहिल्या घोटातच कळलं असतं. तुम्ही बोलला नसता. द्रोण खाली ठेवून नुसतं माझ्याकडे बघितलं असतं, आणि मी म्हटलं असतं, "तुम्हीच ढवळायचं होतं मंग."

तुम्हाला जाऊन महिना होत आला. विहारातल्या सभेत लोक तुमच्याबद्दल बोलले. एसटीतली नोकरी, गावातली कामं, सगळं सांगून झालं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला तुम्हाला वैशाख पौर्णिमेचं सांगायचंय, कारण तुम्ही ती अर्धी करून ठेवून गेलात आणि उरलेली अर्धी आमच्या अंगावर आली.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुमच्याजवळ होते. मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी सांगाल. तुम्ही डोळे उघडले आणि विचारलंत, "घरचा पंखा बंद केला का?" मी म्हटलं, केला. खरं तर मला आठवतही नव्हतं. तुमचं माझं शेवटचं बोलणं ते. चौदा वर्षं सासरे आणि सून म्हणून आपण इतके भांडलो, इतकं बोललो, आणि शेवटी पंखा. घरी आले तर पंखा चालूच होता.

मी लग्न होऊन संभाजीनगरहून जाफराबादला आले तेव्हा बुद्ध पौर्णिमा मला ठाऊक होती ती एवढीच: सकाळी पांढरी साडी नेसून विहारात वंदना, संध्याकाळी शेजारीपाजारी खीर. तुमच्या घरी मात्र पौर्णिमा संक्रांतीपासूनच सुरू व्हायची. तुम्ही कापडी पिशवी घेऊन निघायचा. ज्या रस्त्यावर तुम्ही आयुष्यभर तिकिटं फाडली, त्याच रस्त्यावरच्या गावांना जायचा. किसनभाऊ कुंभारांकडून पणत्या आणि दोन माठ. गयाबाईकडून पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. खिरीच्या पातेल्यांना कल्हई करायला बाजारामागच्या मोहल्ल्यातले युसूफचाचा. तांदूळ, साखर, चारोळी दिगंबरशेठच्या दुकानातून. हातानं काय कुठं बनतं हे तुम्हाला पाठ होतं, कारण ते बनवणारे आपापले बोजे घेऊन तुमच्याच गाडीत चढायचे आणि तुम्ही त्यांना टपावर बोजा चढवायला हात द्यायचा.

आणि तुमचा एकच नियम. ज्याच्या हातचं घेतलं, त्याला खीर खायला बोलवायचं. घरच्यांसकट.

त्या नियमामागचं तुम्ही मला एकदाच सांगितलंत. संभाजीनगरहून येताना बदनापूरच्या वळणावर आपली गाडी बंद पडली होती आणि आपण रस्त्याकडेला बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "माझ्या बापाला दुकानाची पायरी चढू देत नव्हते. खालून मागायचं, वरून पुडी टाकायचे. पुडी फुटली तर मातीतून मीठ वेचायचं." मग म्हणालात, "मी दुकानात जातो न्, तेव्हा पोत्यावर बसतो. घाई न्हाई करत. बसतो." मला वाटलं तुम्ही आणखी काही सांगाल, पण तेवढ्यात दुसरी गाडी आली आणि तुम्ही सवयीनं लोकांना म्हणायला लागलात, "चला, पुढं सरका, पुढं सरका."

तरी मी तुमच्याशी भांडले. गेल्या वर्षीचं भांडण तुम्हाला आठवत असेल. मी उपकेंद्रात आरोग्यसेविका, मे महिन्यात उन्हाचे पेशंट, लसीकरण, रजा मिळत नाही. मी म्हटलं, यंदा जालन्याहून केटरर सांगू, खीर तयार येईल, कागदी वाट्या येतील. तुम्ही म्हणालात, "मंग गयाबाईचे द्रोण कोण घेईल?" आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्ही गावोगाव फिरून येता, लोक म्हणतात मामा किती चांगले. घरी ती पातेली घासतं कोण? दोनशे पणत्या भिजवून वाळवतं कोण? वाती वळतं कोण? तुमचं चांगुलपण आमच्या हातांवर चाललंय."

 दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही धोतर खोचून नळाजवळ बसलेले. पुढ्यात मोठं पातेलं, चिंच आणि राख. शेजारच्या बाया भिंतीवरून बघून हसत होत्या. तुम्ही दीड तास घासत होता. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "राहू द्या की हो," तर तुम्ही म्हणालात, "सुनबाईचं बराबर हाये."

माफी मागणं तुम्हाला येत नव्हतं, हीच तुमची माफी. ती मी घेतली. पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, आता सांगते. तुम्ही उठून आंघोळीला गेलात तेव्हा मी ते पातेलं पुन्हा घासलं. कडांना काळं तसंच राहिलं होतं.

आपलं दुसरं भांडण मात्र कधी मिटलंच नाही. ते दिगंबरशेठवरून होतं.

दरवर्षी ते यायचे. सगळ्यांच्या आधी यायचे, फुलं वाहायचे, तुमच्याशी चार गोष्टी बोलायचे. आणि द्रोण पुढे केला की हात जोडायचे. "आज उपास आहे, मामा." तुम्ही म्हणायचा, "बरं, मंग केळं घ्या," आणि त्यांच्या हातात केळं ठेवायचा. ते केळं ते खिशात घालून न्यायचे. चौदा पौर्णिमा मी हे बघितलं. माझ्या आधीच्या किती, ते तुम्हालाच माहीत.

मी तुम्हाला म्हणायचे, "मामा, ज्याला आपल्या घरचं चालत न्हाई, त्याच्याकडून तांदूळ कशाला घेता? चौकात तीन दुकानं आहेत." तुम्ही शांतपणे म्हणायचा, "त्याला उपास असतो." मी म्हणायचे, "तुम्ही भोळे आहात." तुम्ही हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा. वाटायचं, या माणसाला अपमान झालेला कळतसुद्धा नाही.

आता यंदाचं सांगते.

तुम्ही गेल्यावर तुमचा लेक प्रशांत मला म्हणाला, यंदा घरी काही करायचं नको, विहारात दान देऊ. मलाही तेच बरं वाटलं. आत्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवसांत त्या बोलतच नव्हत्या. तुमच्या खाटेच्या पायथ्याशी बसायच्या, खाटेवर कधी बसल्या नाहीत.

अकराव्या की बाराव्या दिवशी दुपारी फाटकाशी लुना थांबली. किसनभाऊ. मागे गवतात गुंडाळलेली मोठी पाटी, दोन्ही बाजूंना माठ. त्यांच्या गावात तुमची बातमी पोचली नव्हती. "मामा कुठं गेलेत का?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ते तिथंच, उन्हात, फाटकाजवळ खाली बसले. पाणी दिलं तर प्याले नाहीत, हातात धरून बसले.

मग म्हणाले, "संक्रांतीला आल्ते आमच्याकडं. म्हणले, औंदा पणत्या जरा खोल कर, तेल लवकर संपतं."

मी म्हटलं, "किसनभाऊ, यंदा आम्ही घरी करत न्हाई. तुम्ही ह्या परत न्या, दुसरीकडं देता येतील."

त्यांनी एक पणती काढून माझ्या तळहातावर ठेवली. खरंच खोल होती. म्हणाले, "एवढ्या खोल कोण घेतंय ताई? ह्या त्यांच्या सांगण्यावरनं केल्या. ह्या त्यांच्याच हायेत." आणि पाटी ओसरीवर उतरवून निघून गेले.

चार दिवसांनी गयाबाईचा गठ्ठा आला, तिच्या जावयाच्या हाती. आणि पौर्णिमेच्या चार दिवस आधी युसूफचाचा स्वतः भाता, कोळसे, कथलाची कांडी घेऊन अंगणात हजर. चाचा तुमच्या अंत्ययात्रेला आले होते, खांदा दिला होता. त्यांना सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "चाचा, यंदा न्हाई करत आम्ही."

"मालूम है," ते म्हणाले. "प्रशांत बोला मुझे. लेकिन मामू मेरे को बोल के गये, पूनम के चार रोज पहले आना. अब वो तो मना करने आने वाले नहीं. मैं काम करके जाता हूं. तुम लोग पकाओ, मत पकाओ."

आणि त्यांनी अंगणात खड्डा करून भाता लावलासुद्धा. मी प्रशांतकडे बघितलं, प्रशांत माझ्याकडे.  चाचांनी छोटं पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. त्या वासानं आत्या बाहेर आल्या. दारात उभ्या राहून जरा वेळ त्यांनी बघितलं. मग आत गेल्या आणि मोठं पातेलं, ते दोघांना उचलावं लागतं ते, एकट्यानंच फरशीवरून ओढत आणलं. चाचांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बी घ्या," त्या म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्यांनी काढलेले ते पहिले शब्द, मामा. पौर्णिमा करायची का नाही, यावर आमच्या घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

मग मी दिगंबरशेठच्या दुकानात गेले. तांदूळ आणायला जायचं काम नेहमी तुमचं. मी दारात उभी राहिले, मग आत गेले, आणि पोत्यावर बसले. तुमच्यासारखी. का बसले ते मला नीट सांगता येणार नाही. शेठ उठले. आतून एक पिशवी घेऊन आले. "हा मामांनी फाल्गुनातच निवडून ठेवला. खिरीला जुनाच पायजे, म्हणले. मी हात लावला न्हाई त्याला."

सगळं सामान बांधून झालं तरी ते उभेच होते. वजनकाट्यावरची धूळ बोटानं पुसत होते. ते कशाची वाट बघत होते हे मला कळत होतं. फक्त म्हणायचं होतं, "पौर्णिमेला या." दोन शब्द. किसनभाऊंना आणि गयाबाईला मी निरोप दिला होता, चाचांना तर म्हणायचीही गरज नव्हती. पण इथे माझी जीभ उचलली नाही. मी पिशवी घेतली आणि पायऱ्या उतरले.

तुमचा नियम मी मोडला. मुद्दाम मोडला. रस्ताभर मी स्वतःला सांगत होते की बरोबर केलं. घरी आत्यांनी विचारलं, "शेठला सांगितलं न्?" मी म्हणाले, "हो." तुमच्या माघारी त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं.

पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली. दुपारपासून खीर. प्रशांत ढवळत होता, मध्ये त्याला तुमच्या जुन्या मित्राचा फोन आला आणि दोघं फोनवर रडत बसले, म्हणून ती लागली. पाचच्या सुमारास लोक यायला लागले. निंबाखाली सतरंज्या टाकल्या. आत्यांनी त्रिसरण सुरू केलं, आवाज पहिल्या ओळीला फुटला, मग किसनभाऊंच्या मंडळींसकट सगळे ज्याला जमेल तसे हात जोडून बसले. उन्हं उतरत होती. पणत्या लावल्या. खरंच तेल जास्त मावत होतं.

द्रोण वाढायला घेतले आणि फाटक वाजलं. दिगंबरशेठ. धुतलेला पांढरा सदरा, हातात मोगऱ्याची फुलं. मी वाढायचं थांबवून पुढे गेले.

"बोलावलं न्हाई तुम्ही औंदा," ते म्हणाले.

"न्हाई."

"बराबर केलं."

मला वाटलं ते फुलं देऊन वळतील. ते वळले नाहीत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज उपास आहे का?" आवाज चढला होता माझा.  आत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"उपास कधीच नव्हता, बाई," ते म्हणाले.

हळूच नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग म्हणाले, "पहिल्या साली माझी आई होती. ती म्हणली, जाऊन ये, पण तिथं तोंडात काही घालू नको. मी इथं येऊन उपास सांगितला. पुढच्या सालापर्यंत आई गेली. मंग मला काय अडचण होती? काहीच न्हाई. पण काय सांगू, गेल्या साली खोटं बोलल्तो म्हणून? दर साली घरून ठरवून निघायचो, औंदा खायचं. आन् मामा समोर आले की तोंडातून तेच निघायचं. एवढी सालं झाली की मंग खाण्याचीच लाज वाटायला लागली."

मी विचारलं, "मामांना माहीत होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "एका पौर्णिमेला सकाळीच मामा दुकानात आल्ते. मी गल्ल्यावर बसून भजी खाऊन राह्यलो होतो. त्यांनी बघितलं. त्यातलं एक भजं उचलून खाल्लंबी त्यांनी. आन् संध्याकाळी मी उपास म्हणलो तर म्हणले, बरं, मंग केळं घ्या."

मामा, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला चौदा वर्षं भोळे म्हणत होते. माझ्यासमोर, घरात, दार लावून बोलतानासुद्धा तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की तो खोटं बोलतो. तुम्ही त्याचं खोटं माझ्यापासून झाकत होता. तेव्हा वाटलं, तिथेच सगळ्यांसमोर तुम्हाला हाक मारावी.

आत्यांनी तोवर युसूफचाचा आणि किसनभाऊंच्या मध्ये जागा केली होती. "उभ्यानं काय बोलता," त्या म्हणाल्या. "बसा." शेठ बसले. आत्यांनीच द्रोण भरला. त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे पुसले. आम्ही सगळे त्यांच्याकडेच बघत होतो.

"जरा लागली का हो?" ते म्हणाले.

आणि मामा, सगळं अंगण हसलं. आत्यासुद्धा. चाचा म्हणाले, "इतने साल बाद आये, और आते ही नुक्स निकाला!" शेठनी दुसरा द्रोण स्वतः मागून घेतला.

मी हसले, पण मग आत गेले आणि भिंतीला टेकून रडले. आनंदानं नाही. रागानं. त्या माणसाचा राग नव्हता, उशिराचा होता. तीन-चार आठवडे आधी हे झालं असतं तर काय बिघडलं असतं? ज्या घासासाठी तुम्ही एवढी वर्षं थांबलात, तो त्यानं घेतला तेव्हा तुम्हीच समोर नव्हता. तुम्हाला बघायला मिळायला हवं होतं. हे मी तुम्हाला चांगली बातमी म्हणून सांगते आहे, पण ती सांगतानाही तो राग गेलेला नाही.

रात्री झोपायच्या आधी मी आत्यांना सांगितलं की मी खोटं बोलले होते, शेठला बोलावलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. तू तांदळाची पिशवी आपटली होती." म्हणजे त्यांना पिशवी आपटल्याच्या आवाजावरून कळलं होतं. या घरात सगळ्यांनाच सगळं कळतं आणि कुणी बोलत नाही, हे मला आता नीट समजलं आहे. त्या रात्री आत्या तुमच्या खाटेवर झोपल्या.

परवा प्रशांतनं विचारलं, पुढच्या वर्षी करायचं का. मी हो म्हणाले. द्रोण गयाबाईचेच, पणत्या खोलच. पण पातेली या घरातले पुरुष घासतील, आणि कडांपर्यंत घासतील, हे मी त्याला सांगून ठेवलंय. आणि कुणी हात जोडून नाही म्हणालं, तर मी त्याला केळं देणार नाही. मी विचारीन, का? तुमच्यासारखं थांबणं मला जमणार नाही, मामा, आणि तुमचं ते थांबणं पूर्ण बरोबर होतं असं मला अजून वाटत नाही. थांबता थांबता माणूस निघून जातो, हे यंदा आम्ही बघितलं.

पण असं ठाम म्हणून झालं की लगेच मला वाटतं, पहिल्याच वर्षी मी त्याला सगळ्यांदेखत विचारलं असतं, तर तो दुसऱ्या वर्षी फाटकाशी आला असता का? कदाचित कधीच आला नसता. मग मी त्यावर उत्तर शोधते, आणि त्या उत्तरावर तुम्ही काय म्हणाला असता तेही शोधते. भाजी चिरताना, उपकेंद्रात रजिस्टर भरताना हेच चालू असतं. वाद मिटलेला नाही. फक्त आता तुमची बाजूही मलाच मांडावी लागते, आणि ती मांडताना बऱ्याचदा मी हरते.